बँकेत अठ्ठावीस दिवस पडून राहणारा पैसा कोणाचा?

दर वर्षी १४ एप्रिल आला की आपल्या व्हॉट्सॲप गटांमध्ये एक फोटो फिरतो. कोलंबिया विद्यापीठातले तरुण बाबासाहेब. खाली लिहिलेलं असतं, 'ते जाऊ शकले, तर तू का नाही?' मीही तो फोटो अनेकदा पुढे पाठवला आहे. वस्तीतल्या अभ्यासिकेच्या भिंतीवर स्वतःच्या हाताने चिकटवला आहे. आज त्या प्रश्नाबद्दलच लिहायचं आहे, कारण 'तू का नाही' याचं खरं उत्तर मला एका मुलीचं वर्ष वाया घालवून मिळालं. तिचं वर्ष वाया गेलं ते माझ्या चुकीमुळे. ही गोष्ट मी आजवर दोन-तीन कार्यकर्त्यांशिवाय कोणाला सांगितलेली नाही.

मी समाजशास्त्रात एम.ए. केलं आणि गेली दहा-बारा वर्षं परभणी जिल्ह्यात सामाजिक काम करते. संध्याकाळी विहाराच्या मागच्या खोलीत मुलंमुली अभ्यासाला बसतात. त्यातलीच ही एक. नाव सांगत नाही. आई अंगणवाडीत मदतनीस, वडील पुण्यात गवंडीकाम करतात, धाकटा भाऊ तेव्हा बारावीला होता. घर गायरान जमिनीवर. पत्रे आहेत, वीज आहे, नळ आहे, पण जागेचा कागद नाही. मुलगी हुशार होतीच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे चिकट होती. सफाई कामगार बायकांच्या कामाच्या अटी हा तिचा अभ्यासाचा विषय. २०२२ च्या मार्चमध्ये लंडनमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र तिला आलं. जूनमध्ये त्याच विद्यापीठाने कळवलं की फी पूर्ण माफ.

त्या दिवशी विहारात पेढे वाटले. आपली कहाणी सहसा इथेच संपते. फेसबुकवर अभिनंदन, शाल, पुष्पगुच्छ, फोटो. फीमाफी म्हणजे झालंच, असं आम्हाला सगळ्यांना वाटलं. मलाही. पण प्रवेश देणारा वेगळा असतो, फी माफ करणारा वेगळा असतो आणि देशात शिरू देणारा तिसराच असतो. या तिघांचं एकमेकांशी काही ठरलेलं नसतं.

ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा एक नियम आहे. फी आणि राहण्याखाण्याचा खर्च तुमच्याकडे आहे हे अर्ज करतानाच सिद्ध करावं लागतं. त्या वर्षी लंडनसाठी हा खर्च महिन्याला १,३३४ पौंड धरला जायचा, लंडनबाहेर १,०२३. जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा दाखवायचा. म्हणजे लंडनसाठी १२,००६ पौंड, आपल्या पैशात साडेअकरा लाखांच्या घरात. आणि एवढी रक्कम खात्यात सलग अठ्ठावीस दिवस असली पाहिजे. एक दिवस जरी त्याखाली गेली, तरी मोजणी पहिल्यापासून.

साडेअकरा लाख आणायचे कुठून? शैक्षणिक कर्जाचा विचार आम्ही आधी केला. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्जाचं पत्र असेल तर अठ्ठावीस दिवसांची अट लागत नाही. पण आपल्याकडच्या बँका साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण मागतात. गायरानातलं घर कोण तारण घेणार? म्हणजे ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला मालकी मिळू दिली नाही, त्या मालकीचा कागद शिकायला जाताना पुन्हा आडवा आला.

शेवटी मामा पुढे आले. एसटीत वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. निवृत्तीचे पैसे त्यांनी घराच्या स्लॅबसाठी ठेवले होते. ते म्हणाले, "ताई, पावसाळा पत्र्याखाली काढू आणखी एक. पोरीनं जावं." थोडे कमी पडत होते ते वडिलांनी मुकादमाकडून उचल घेऊन भरले. एका सरकारी शिष्यवृत्तीलाही तिने अर्ज केलेला होता. ती मिळाली की मामांचे पैसे परत, असं ठरलं.

आता माझी चूक सांगते.

२०१३ मध्ये मलाही परदेशातून प्रवेशपत्र आलं होतं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून. तिथे आय-ट्वेंटी नावाचा कागद मिळण्याआधी पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. पण ती नातेवाईक, ओळखीचे, कोणीही दाखवू शकतं. त्यांनी प्रतिज्ञापत्र करायचं की हिचा खर्च मी उचलीन, सोबत आपल्या बँकेचा कागद जोडायचा. माझ्याकडे सही करणारं कोणीच नव्हतं. आमच्या अख्ख्या भावकीत तेवढी शिल्लक दाखवणारा माणूस नव्हता. मी ते पत्र घडी करून आईच्या पेटीत ठेवलं आणि कोणाला फार काही सांगितलं नाही. पण 'सही करणारा मामा असता तर' हे वाक्य माझ्या डोक्यात नऊ वर्षं बसून होतं.

म्हणून या मुलीचे मामा उभे राहिले तेव्हा मला वाटलं, झालं. हिला सही करणारा माणूस मिळाला. मी मामांना सांगितलं, "पैसे तुमच्याच खात्यात राहू द्या. सगळे एका खात्यात जमवा आणि अठ्ठावीस दिवस हात लावू नका." १६ जुलैला पैसे जमा झाले. मामा रोज पासबुक काढून बघायचे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकेक तारीख खोडत होते.

१४ ऑगस्टच्या रात्री मुलगी आणि मी अर्ज भरायला बसलो. नियमावली मी तेव्हा पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली. पैसे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात हवेत. कायदेशीर पालक चालतो, नवराबायको चालतात. मामा चालत नाही.

मी ती ओळ तीनदा वाचली. मुलगी माझ्याकडे बघत होती. ती काही बोलली नाही, मीच म्हणाले, "माझं चुकलं गं." अमेरिकेचा नियम मी ब्रिटनला लावला होता. एका देशाचं दार मी नऊ वर्षं मनात धरून बसले होते आणि दुसऱ्या देशाच्या दारावर काय लिहिलंय ते वाचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला सांगायला गेले. त्या माऊलीला समजेना. म्हणाल्या, "ताई, पैशे तं हायेत की. मंग नाव कोणाचं का आसंना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर आजही नाही. आपल्याकडे मामा भाचीचं शिक्षण करतो, लग्न करतो, बाळंतपण करतो. सरकारी कागदाच्या लेखी मात्र तो कोणीच नसतो.

१५ ला बँक बंद, १६ ला पारशी नववर्षाची सुट्टी. १७ ऑगस्टला पैसे मुलीच्या खात्यात आले. तिथून अठ्ठावीस दिवस म्हणजे १३ सप्टेंबर. त्यानंतर व्हिसाचा निर्णय यायला साधारण तीन आठवडे. वर्ग सुरू होणार होते सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. विद्यापीठाने उशिरात उशिरा हजर राहण्याची जी तारीख दिली होती, ती त्याआधीच संपत होती. सरकारी शिष्यवृत्तीची यादी तोवर लागलेली नव्हती. ती लागली असती आणि हातात पत्र असतं, तर हे अठ्ठावीस दिवस मोजावेच लागले नसते. कारण ब्रिटनच्या नियमात मायदेशाचं सरकार हा अधिकृत पुरस्कर्ता मानला जातो. सरकारचं पत्र पूर्ण खर्चाचं असेल तर खातं दाखवायची गरज नसते.

याच दिवसांत शहरातल्या एका एजंटाचा निरोप आला. हे लोक कुठून वास काढतात कोण जाणे. त्याचं म्हणणं सोपं होतं. जुन्या तारखांची शिल्लक असलेले बँकेचे कागद तयार करून देतो. मोबदला रकमेच्या तीन टक्के, म्हणजे ३५ हजारांच्या आसपास. "मॅडम, सगळे करतात. तुमच्याच पोरांनी हरिश्चंद्र का व्हायचं?"

मी तेव्हा ताडकन नाही म्हणाले, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी दोन दिवस विचार केला. अपराधी माणूस फार लवकर पळवाट शोधतो. मला वाटलं, व्यवस्थेने आपल्याला आयुष्यभर फसवलंय, आपण तिला एकदा फसवलं तर काय बिघडलं? आपले पैसे तर खरे आहेत, फक्त खातं चुकलं. मी मुलीला एजंटाचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, दर रविवारी आपण पंचशील म्हणतो. चौथं शील काय आहे?"

मी काही बोलले नाही. मग तीच पुढे म्हणाली, "आणि पकडली गेले तर दहा वर्षं बंदी. मी वाचलंय." ते खरं होतं. खोटी कागदपत्रं दिल्याचं सिद्ध झालं तर ब्रिटन दहा वर्षांपर्यंत व्हिसा नाकारू शकतं. एजंटाचे ३५ हजार खिशात गेलेले असतात, शिक्षा पोरं भोगतात. त्या मुलीने नियम माझ्यापेक्षा नीट वाचले होते आणि शीलही माझ्यापेक्षा नीट पाळलं होतं.

तिने विद्यापीठाला लिहून प्रवेश एक वर्ष पुढे ढकलून घेतला. विद्यापीठाने उत्तर दिलं, जागा राहील, फीमाफी राहणार नाही. त्यासाठी पुन्हा स्पर्धेत यावं लागेल. त्या वर्षात तिच्या भावाने बारावीनंतर कॉलेज सोडलं आणि वडिलांची उचल फेडायला तो त्यांच्यासोबत पुण्याला कामावर गेला. मामांनी तो पावसाळा पत्र्याखाली काढला. माझ्या एका न वाचलेल्या ओळीची ही किंमत.

मित्रांनो, इथवर वाचून कोणी म्हणेल, ताई, यात जात कुठे आली? नियम सगळ्यांना सारखाच आहे. मला याच मुद्द्यावर बोलायचं आहे.

नियम सारखा असतो, पण तो ज्या गोष्टीची परीक्षा घेतो ती गोष्ट सारखी वाटलेली नसते. अठ्ठावीस दिवसांचा नियम हुशारीची परीक्षा घेत नाही, तो पैसा स्वस्थ बसू शकतो का हे बघतो. ज्या घरात आलेला पैसा त्याच आठवड्यात किराणा, औषध, उधारी, फी यांत जातो, त्या घरात बारा लाख सोडा, बारा हजारही अठ्ठावीस दिवस न हलता राहत नाहीत. पैसा पडून राहू देणं ही चैन आहे. ती ज्यांना वारशाने मिळाली, त्यांना हा नियम दिसतही नाही. बापाच्या मुदतठेवीची पावती जोडली की झालं.

अमेरिकेचं वेगळंच आहे. तिथल्या कायद्याच्या २१४ (ब) कलमानुसार विद्यार्थी व्हिसा मागणारा प्रत्येक जण तिथेच राहायला चाललाय असं गृहीत धरतात. तसं नाही, मी परत येणार, हे मुलाखतीच्या खिडकीपाशी काही मिनिटांत त्यानेच पटवून द्यायचं. परत येण्याचा पुरावा म्हणून काय दाखवतात? घर, जमीन, धंदा, नोकरी. सातबारावर नाव नसलेल्या पोराने आपण गावी परत येणार हे कशावरून पटवायचं? आपली नाळ वस्तीशी आहे, विहाराशी आहे, आईशी आहे. त्याचा उतारा कुठल्या तलाठ्याकडे मिळतो?

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी जवळजवळ नाही, म्हणून आपली मुलं तिकडे वळतात. पण तिथेही एका बंदिस्त खात्यात वर्षाचा खर्च आधी भरून ठेवावा लागतो. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे. म्हणजे शिक्षण फुकट आणि दारात उभं राहायचे दहा लाखांच्या वर.

आता आपल्या सरकारकडे येऊ. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला १२५ जागा, त्यातल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, अख्ख्या देशातून. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ७५ जागा, अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी. या योजना नसत्या तर आपली शेकडो मुलं बाहेर गेलीच नसती. त्या आपल्या चळवळीने मिळवल्या आहेत, कोणी दान दिलेल्या नाहीत. म्हणूनच त्यातली खोट आपण दाखवली पाहिजे.

पहिली खोट रकमेची. २०२२ मध्ये केंद्राच्या योजनेत ब्रिटनसाठी निर्वाहभत्ता वर्षाला ९,९०० पौंड होता. महिन्याला ८२५. त्याच वर्षी ब्रिटनचं सरकार म्हणत होतं की लंडनमध्ये महिन्याला १,३३४ आणि बाहेर १,०२३ पौंडांशिवाय भागत नाही. मधला फरक कोणी भरायचा? ज्याच्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे म्हणून तुम्ही त्याला निवडलं, त्यानेच? आणि ब्रिटनचा आकडा थांबलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत लंडनसाठी तो १,४८३ झाला. आरोग्य अधिभार आमच्या मुलीच्या वेळी वर्षाला ४७० पौंड होता, २०२४ च्या फेब्रुवारीपासून ७७६ आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा सोळा महिन्यांचा मिळतो आणि अधिभार तेवढ्या सगळ्या काळाचा भरायचा, तोही अर्जासोबत, आगाऊ.

दुसरी खोट वेळेची. सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात हे जगाला माहीत आहे. तरी निवड याद्या, पत्रं, मंजुरी यांची गाडी पावसाळ्यात अडकते. २०२५ च्या जुलैमध्ये केंद्राच्या योजनेत १०६ जणांची निवड जाहीर झाली आणि त्यातल्या फक्त ४० जणांना तात्पुरती पत्रं मिळाली. बाकी ६६ जणांना सांगितलं गेलं, निधी उपलब्ध झाला तर. एका ओळीचं हे 'तर' ज्या घरात पोहोचलं असेल, तिथे काय झालं असेल याचा विचार करा. उशिरा आलेलं पत्र आणि न आलेलं पत्र यांत व्हिसाच्या खिडकीपाशी काही फरक नसतो.

तिसरी खोट विषयाची, आणि मला सगळ्यांत जास्त ती डाचते. २०२२ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या नियमावलीत अट आली की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय या शिष्यवृत्तीतून शिकता येणार नाहीत. भारतीय संस्कृती शिकायला परदेशात कशाला जायचं, असा सवाल विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की बाबासाहेबांनी जातीच्या उगमावरचा आपला निबंध १९१६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वाचला होता. आजच्या नियमात त्यांचा तो विषय बसला नसता. आमच्या मुलीचाही सफाई कामगार बायकांचा विषय बसत नव्हता. अभियांत्रिकी शिका, व्यवस्थापन शिका, पण तुमच्या आईच्या हातात झाडू का आहे हे जगाच्या वर्गात उभं राहून विचारू नका, असा याचा अर्थ होतो.

आता पुन्हा त्या फोटोकडे येते. बाबासाहेब १९१३ मध्ये गेले. आजची व्हिसाची व्यवस्था पहिल्या महायुद्धानंतर उभी राहिली. त्यांना कोणी अठ्ठावीस दिवसांचं खातं मागितलं नाही. पण पैशाचा प्रश्न तोच होता. सयाजीराव गायकवाडांनी दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी दिले. त्या बदल्यात बाबासाहेबांनी बडोद्याची दहा वर्षं नोकरी करण्याचा करार केला होता. लंडनचा अभ्यास सुरू झाल्यावर १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि त्यांना अर्धवट टाकून परतावं लागलं. लंडनने चार वर्षांच्या आत परत यायची मुभा दिली. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये ते परत जाऊ शकले.

म्हणजे त्या फोटोच्या मागे एक संस्थानिक, दुसरा संस्थानिक, एक पारशी मित्र, मुंबईतल्या चाळीत ओढगस्तीत संसार रेटणारी रमाई आणि एक अर्धवट सोडलेलं वर्ष उभं आहे. आपण फोटोतून ते सगळे कापून टाकले आणि एकटे बाबासाहेब ठेवले. मग पोरांना विचारतो, 'तू का नाही?' आणि नाही जमलं तर पोरगं समजतं की आपणच कमी पडलो. मी २०१३ मध्ये हेच समजले होते. पेटीत ठेवलेलं पत्र मी नऊ वर्षं माझं अपयश म्हणून जपलं. आपल्या एकट्याच्या जिद्दीवर सोडून भागत नाही, हे बाबासाहेबांना पक्कं माहीत होतं. म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणासह उच्च शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्त्या मिळवल्या. स्वतः जिद्दीने शिकलेल्या माणसाने पुढच्यांसाठी व्यवस्था मागितली.

मग आपण काय करायचं? मी आमच्या विहारात आता काय करते ते सांगते. यात मोठं काही नाही.

एक, कागद आधी, स्वप्न नंतर. दहावीची मुलं अभ्यासिकेत आली की त्यांचा जन्मदाखला बघतो. एका मुलाच्या वेळी पैसे आईच्या खात्यात होते. आईवडिलांचे पैसे दाखवायचे तर नातं सिद्ध करायला जन्मदाखला लागतो. दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, आधारवर आणि बँकेत लग्नात बदललेलं सासरचं. ती दुरुस्ती करायला दोन महिने गेले. जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, पासपोर्ट हे सगळं पदवीच्या शेवटच्या वर्षाआधी हातात हवं.

दोन, गावातल्या नोकरदारांनी मिळून एक निधी उभा केलाय. तो खात्यात दाखवायला देत नाही. दाखवून काढून घ्यायचा पैसा हे खोटंच झालं, आणि त्यावर मी एकदा घसरता घसरता वाचले आहे. हा निधी खऱ्या खर्चासाठी आहे. इंग्रजीच्या परीक्षेची फी, क्षयरोगाची तपासणी, व्हिसाची फी, आरोग्य अधिभार, शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता येईपर्यंतचं खोलीभाडं. बहुतेक मुलं याच किरकोळ वाटणाऱ्या रकमांवर अडतात, कारण या सगळ्या आगाऊ भरायच्या असतात.

तीन, नियम मूळ ठिकाणी वाचायचे. त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावर, अर्जाच्या तारखेला. माझ्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे मी मुलांना पहिल्याच दिवशी सांगते आणि का, तेही सांगते. आकडे दर वर्षी बदलतात, या लेखातलेही बदलतील.

आणि चार, सरकारकडे मागण्या. निवडीचं पत्र जूनच्या आत हातात द्या. निर्वाहभत्ता त्या देशाने व्हिसासाठी ठरवलेल्या रकमेशी जोडा, म्हणजे तो आकडा वाढला की हाही वाढेल. विषयांवरची बंदी काढा. निवडलेल्या प्रत्येकाच्या पैशाची तरतूद आधी करा आणि मग यादी लावा. या मागण्या निवेदनात लिहायला अर्धं पान लागतं. त्यासाठी मोर्चा काढायची वेळ येऊ नये, पण आली तर काढू.

ती मुलगी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेली. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, पत्र वेळेत आलं, व्हिसाच्या अर्जात ते एक पत्र जोडलं आणि खात्याचा प्रश्न निघालाच नाही. आदल्या वर्षी आम्ही ज्या डोंगरावर डोकं आपटत होतो, तो एका कागदाने बाजूला झाला. एका पत्राची एवढी ताकद असते. ते वेळेवर न देणाऱ्यांना ती कळत नसेल, असं मला वाटत नाही.

शिकून ती परत आली आहे. तिच्या भावाला पुन्हा कॉलेजात घालायचं म्हणून तीच मागे लागली आहे. तो अजून हो म्हणालेला नाही. म्हणतो, "आता हाताला थापीची सवय झाली." त्याचं हे वाक्य माझ्या हिशेबात आहे आणि राहील.

मामांचा स्लॅब गेल्या उन्हाळ्यात पडला. मी पेढे घेऊन गेले होते. त्यांनी जुनं पासबुक काढून दाखवलं, जुलै ते ऑगस्ट २०२२ चं पान. एकच रक्कम, एकही नोंद नाही. म्हणाले, "ताई, आयुष्यात एवढे दिवस माझे पैशे कधी गप बसले नव्हते."

अभ्यासिकेतला बाबासाहेबांचा फोटो तसाच आहे. खालची ओळ मात्र आम्ही बदलली आहे. आता तिथे लिहिलंय, 'ते गेले, कारण पाठीशी कोणी उभं राहिलं. तुझ्या पाठीशी आम्ही आहोत.' आता हे शब्द खरे करून दाखवण्याची जबाबदारी माझी आहे, आणि वाचणाऱ्या प्रत्येकाची आहे.

जय भीम.